साडेतीन हजारच्या वर मिसिंग, सगळं नवीन टाकूनसुद्धा

या वेळची पत्रं काढून बसलो आणि बघतो तर निम्म्या पत्रांत एकच दुखणं. जुनी कार्बोरेटरवाली गाडी (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा), खालच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्या असताना, एकदम गुणी, आणि जरा वर नेली की मिस मारायला लागते, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटायचाच राहतो. बरं, प्रत्येकाने काय काय बदललं त्याची लांबलचक यादी दिलीय पण मिसिंग नेमकं कधी होतं, कसं होतं, हे अर्ध्या ओळीत उरकून टाकलंय. मला यादी नको हो, मला ते दुसरंच हवं असतं. त्यातल्या त्यात एका पत्रात कामाची माहिती होती, तीही शेवटी जाता जाता लिहिलेली, म्हणून ते आधी घेतो.

प्रश्न: नमस्कार काका. माझी जुनी चार सिलिंडरची गाडी आहे, पॉईंटवाला डिस्ट्रिब्युटर आणि डबल बॅरल कार्बोरेटर. आयडलला शांत, ३००० पर्यंत काही तक्रार नाही. ३५०० च्या पुढे गेली की फट फट करत मिस मारते, हिसके बसतात, मधूनच सायलेन्सरमधून फटाका फुटतो. पाय काढला की लगेच नॉर्मल. न्यूट्रलमध्ये रेस केली तरी तसंच. प्लग, प्लगच्या वायरी, कॅप, रोटर, पॉईंट, कंडेन्सर, कॉईल सगळं नवीन टाकून झालं, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला, किट पण टाकलं. मेकॅनिक आता म्हणतोय कार्बोरेटरच बदला. अजून एक, मिस मारते तेव्हा आरपीएमचा काटा पण येड्यासारखा उड्या मारतो, ते मीटर पण खराब झालंय का?

उत्तर: मीटर खराब नाही हो, तुमच्या सगळ्या पत्रात खरं बोलणारा तो एकटाच आहे! कार्बोरेटर बदलायचा विचार आधी डोक्यातून काढा.

कसं ते सांगतो. तुमच्या गाडीचं आरपीएम मीटर वायरवालं असणार, केबलने फिरणारं नाही, आणि ही वायरवाली मीटरं कॉईलच्या मायनस टर्मिनलवरून सिग्नल घेतात. पॉईंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला छोटा स्विच, तो उघडला की कॉईलचा करंट तुटतो आणि स्पार्क पडतो. तो उघडला की एक ठोका, परत उघडला की दुसरा ठोका, असे ठोके मोजून काटा वर चढतो. आता पेट्रोल कमी पडून इंजिन मिस मारत असेल तर पॉईंट बिचारे उघडझाप करतच असतात, ठोके पूर्ण पडतात आणि काटा इंजिनबरोबर हळूहळू खाली येतो, उड्या मारत नाही. प्लग किंवा प्लगच्या वायरीत गडबड असेल तरी बहुतेक वेळा तसंच. काटा उड्या मारतोय याचा अर्थ कॉईलच्या प्रायमरीतले, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टवाल्या बाजूचे, ठोकेच गायब होतायत, म्हणजे इग्निशन स्विचपासून कॉईलपर्यंत, कॉईलपासून पॉईंटपर्यंत आणि पॉईंटपासून अर्थपर्यंत (म्हणजे गाडीच्या बॉडीपर्यंत), या रस्त्यावर कुठेतरी खड्डा आहे. कार्बोरेटर, प्लग, कॅप, रोटर या सगळ्यांची यातून सुटका झाली समजा.

तुमच्या बाकीच्या खुणा पण तेच सांगतायत. स्पार्कचं मिसिंग तुटक असतं, कोणीतरी चावी पटकन बंद करून परत चालू केल्यासारखं, पाय काढला की त्याच क्षणी गायब. पेट्रोलचं मिसिंग मऊ असतं, आधी दम जातो, गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटते, मग अडखळते आणि पाय काढल्यावर सुद्धा सावरायला थोडा वेळ घेते. आणि सायलेन्सरमधला फटाका म्हणजे काय, तर न जळलेलं पेट्रोल बाहेर जाऊन तिथे पेटतंय. ते पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचलं होतं ना, मग कार्बोरेटर उपाशी ठेवतोय असं कसं म्हणायचं!

आता ३५०० च्या वरच का, याचा हिशोब एकदा करून बघाच, डोक्यात बसला की निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन, म्हणजे क्रँकच्या एका फेरीत दोन स्पार्क. ८०० च्या आयडलला मिनिटाला १६०० स्पार्क, दोन स्पार्कमध्ये जवळपास ३७ मिलिसेकंद. ६००० ला मिनिटाला १२००० स्पार्क, म्हणजे सेकंदाला २००, आणि दोन स्पार्कमध्ये उरले फक्त ५ मिलिसेकंद. त्या पाचातले पॉईंट बंद असतात, म्हणजे त्याची दोन टोकं टेकलेली असतात, तेवढाच वेळ कॉईलला भरायला मिळतो, धरा ३ मिलिसेकंद. नळाखाली बादली लावल्यासारखं आहे, आयडलला बादली भरून वाहतेय, त्यामुळे नळ थोडा बारीक असला तरी काही कळत नाही, पण तीच बादली पटापट काढायला लागलो की अर्धीच भरते. तर तुमच्याकडे नळ कुठे बारीक झालाय ते शोधायचंय. पार्ट विकत न घेता शोधायचंय, हे पण सांगून ठेवतो.

पहिलं काम पाच मिनिटांचं. जुन्या गाडीत चावीचा स्विच, फ्यूज बॉक्सचे क्लिप, वायरींचे लग हे सगळं काळं पडलेलं असतं आणि वाटेत व्होल्टेज खातं. बॅटरीच्या प्लसवरून एक जाड वायर, मध्ये फ्यूज टाकून, सरळ कॉईलच्या प्लसला लावा आणि गाडी रेस करून बघा. मिसिंग गेलं तर दोष स्विच ते कॉईल या वायरिंगमध्ये. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुमच्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलच्या आधी करंट कमी करणारा तुकडा) असेल तर वायर त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला लावा, सरळ कॉईलला नको. आणि अशी वायर लावल्यावर चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायर काढावी लागते, नाहीतर चावी हातात घेऊन गाडीकडे बघत बसाल. टेस्ट झाली की वायर काढून ठेवा, पॉईंट बंद असताना कॉईलला करंट चालूच राहिला तर कॉईल तापून जाते.

बॅलास्टचा विषय निघालाच आहे तर नवीन कॉईल कुठली टाकलीय ते पण बघून घ्या. मल्टिमीटर प्लस मायनसला लावा. बॅलास्टशिवाय चालणारी १२ व्होल्टची कॉईल साधारण ३ ओम दाखवते, बॅलास्टवाली दीडच्या आसपास. बॅलास्टच्या गाडीत ३ ओमवाली टाकली की आयडलला सगळं छान आणि वर गेल्यावर स्पार्क मरतो. उलटं केलं, म्हणजे बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीड ओमची टाकली, तर कॉईल हात लावू देणार नाही इतकी तापेल आणि पॉईंट पण लवकर जळतील. दोन्ही कॉईल दिसायला सारख्याच, म्हणून हा घोळ फार होतो, आणि नवीनच आहे म्हणून तिच्यावर संशय पण कोणी घेत नाही.

दुसरं, डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी वायर. पॉईंटपासून बाहेरच्या टर्मिनलला येणारी बारीक वायर असते आणि पॉईंटच्या प्लेटला अर्थ करणारी एक विणलेली वेणीसारखी वायर असते. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीवर स्पार्कची वेळ पुढेमागे करणारी डबी) ती प्लेट सारखी मागेपुढे होत राहते आणि तिच्याबरोबर या दोन वायरी वर्षानुवर्षं वाकत राहतात. या वायरीने मला एकदा दोन रविवार कार्बोरेटर उघडायला लावलाय, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग आहे. मल्टिमीटरवर कंटिन्यूइटी एकदम व्यवस्थित, बाहेरून इन्सुलेशनला चरा सुद्धा नाही. शेवटी वैतागून दोन बोटांत धरून हलकेच ओढली तर रबरासारखी लांब झाली! आत तांबं तुटलेलं, एखाद दुसरी तार चिकटून होती तेवढीच. गाडी उभी असताना ती तार टेकलेली, मीटर म्हणणार सगळं ठीक. इंजिन थरथरलं, प्लेट हलली, की सुटणार. तर तुम्ही पण ओढून बघा, आणि चेक करायचा अजून एक प्रकार म्हणजे व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि एक चक्कर मारून या. मिसिंग कमी झालं किंवा गेलं तर प्लेट हलण्याशी त्याचा संबंध आहे हे नक्की.

तिसरं पॉईंट. गॅप किती ठेवलाय ते लिहिलं नाही तुम्ही. बहुतेक गाड्यांना ०.४ मिलिमीटरच्या आसपास चालतो पण आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच खरा. गॅप जास्त झाला की पॉईंट लवकर उघडतात आणि उशिरा बंद होतात, म्हणजे कॉईल भरायचा वेळ कमी, वर हिशोब केला तोच. इंजिन हाताने फिरवून पॉईंटची टाच कॅमच्या अगदी टोकावर आणा, फीलर गेजचं (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांचं माप) पातं स्वच्छ पुसून आत सरकवा, लोण्यातून सुरी जाते तसं जायला नको आणि दाबायलाही लागायला नको, नुसती ओढ जाणवली पाहिजे. मग स्क्रू टाईट करा आणि परत मोजा, कारण टाईट करताना गॅप हमखास हलतो, लोक इथेच फसतात. जुन्या, खड्डे पडलेल्या पॉईंटला फीलर गेज लावण्यात अर्थ नाही, एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खड्डा तयार झालेला असतो आणि पातं उंचवट्यावरून मोजतं. कॅमवर मोहरीएवढं ग्रीस लावा, तेवढंच, जास्त लावलं तर उडून पॉईंटवर जातं आणि नवीन दुखणं सुरू. कोरडं ठेवलं तर टाच झिजून गॅप काही दिवसांत मिटतो.

पॉईंटची स्प्रिंग पण बघा. मऊ असेल, किंवा पॉईंटचा हात पिनवर जड फिरत असेल, तर वरच्या आरपीएमला पॉईंट बंद व्हायच्या ऐवजी नाचायला लागतो. जुना पॉईंट आणि नवा पॉईंट दोन्ही बोटाने उघडून बघा, नवा मेलेला वाटला तर तो नवीन आहे हे विसरा.

चौथं आणि माझा सगळ्यात जास्त संशय याच्यावर आहे, डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट. तुम्ही आजूबाजूचं सगळं बदललंत पण डिस्ट्रिब्युटर स्वतः जुनाच आहे ना! कॅप काढा, रोटर धरा आणि गोल न फिरवता आडवा हलवा, सैल दात हलवतो तसा. टक टक असा जाणवण्याइतका खेळ असेल तर शाफ्ट ज्यात फिरते ते बुश गेलं. शाफ्ट डोलते, मग एका सिलिंडरला गॅप एवढा आणि दुसऱ्याला तेवढा, आणि स्पीड वाढेल तसं अजून बिघडतं. ड्वेल मीटर कोणाकडे मिळालं तर उत्तमच, ते पॉईंट किती अंश बंद राहतो ते मोजतं, चार सिलिंडरला हा कोन सहसा ५० ते ६० अंशांच्या घरात असतो, आयडलपासून ३००० पर्यंत नेताना तो दोन तीन अंशांपेक्षा जास्त सरकायला नको. टायमिंग लाईट असेल तर त्याच्यात पण दिसतं, पुलीवरची खूण एका जागी न थांबता थरथरते.

कंडेन्सर, म्हणजे पॉईंटवरची ठिणगी दाबणारा, मुद्दाम शेवटी ठेवलाय. जुना फेकला नसेल तर तो परत लावून बघा. हसू नका, मी खरंच सांगतोय, नव्या कंडेन्सरने पहिल्याच आठवड्यात जीव सोडलेला मी एकदा नाही अनेकदा बघितलाय आणि जुना वीस वर्षं चाललेला असतो. अंधारात कॅप काढून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, पॉईंटवर बारीक निळसर ठिणगी दिसली तर चालेल, पिवळट जाड ठिणगी चटचट पडत असेल तर कंडेन्सर काम करत नाहीये.

ही झाली माझी उत्तरं. हे मी त्यांना आधीच कळवलं होतं आणि अंक छापायला जायच्या आत त्यांचं दुसरं पत्र आलं, ते थोडक्यात देतो. बॅटरीवरून सरळ वायर लावून काही फरक पडला नाही. आतली वायर चांगली निघाली. ड्वेल मीटर मिळवलं, आयडलला ५८ आणि ३००० ला ४७! रोटर हलवला तर खुळखुळ्यासारखा. बुश नवीन बसवून घेतलं, गॅप आणि टायमिंग परत लावलं, आता ५००० पर्यंत एका दमात जाते म्हणतात. फक्त आता आयडलला पेट्रोल जरा जास्त पितेय असं वाटतं. वाटणारच, मेकॅनिकने मिसिंग घालवायला म्हणून मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) स्क्रू सैल करून ठेवला असणार, तो परत लावून घ्या.

प्रश्न: माझी गाडी सपाट रस्त्याला ८० पर्यंत छान पळते. चढावर किंवा बराच वेळ दाबून चालवली की अर्ध्या पाऊण मिनिटाने हळूहळू दम सोडते, मग हिसके द्यायला लागते. बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबलो की परत तेवढाच वेळ छान. न्यूट्रलमध्ये कितीही रेस करा, काही होत नाही. कॉईल गरम होऊन असं होतं का?

उत्तर: कॉईल गरम होऊन मिसिंग होतं, नाही असं नाही, पण ती दोन मिनिटांत थंड होत नाही हो. तुमची गोष्ट सरळ पेट्रोलची आहे. फ्लोट चेंबर म्हणजे कार्बोरेटरचा छोटा हंडा, त्यात मावेल तेवढं पेट्रोल तुम्ही चढावर वापरता आणि मागून भरणा कमी पडतो. थांबलात की हंडा परत भरतो. न्यूट्रलमध्ये पेट्रोल लागतंच किती, म्हणून तिथे काही कळत नाही.

सगळ्यात आधी फुकटातलं करा, टाकीचं झाकण. दम सोडायला लागली की थांबून लगेच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला तर टाकीत हवा जायची वाट बुजलीय आणि पंप बिचारा व्हॅक्यूमशी कुस्ती खेळतोय. एकदा झाकण अगदी सैल ठेवून तोच चढ चढून बघा, टाकी काठोकाठ भरलेली नसताना.

ते नसेल तर दम सोडतानाच चोक अगदी थोडा ओढून बघा. गाडी सावरली तर पेट्रोल कमीच पडतंय, अजून बिघडली तर माझं म्हणणं चुकलं असं समजून वरचं उत्तर वाचा.

मग टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी. ही फसवी असते कारण ती ओढणाऱ्या बाजूला आहे, तिला भेग पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. आजकालच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आतून फुगतं, मऊ पडतं, बाहेरून हात लावला तर काही कळणार नाही आणि आत भोक निम्मं झालेलं असतं. जुनी नळी तपासत बसू नका, सरळ बदला, पेट्रोलला चालणारीच घ्या. नळी सायलेन्सरच्या पाईपला चिकटून जात असेल तर लांब पण करा, आत पेट्रोलची वाफ झाली तरी असंच होतं.

पंप तपासायचा तर इंजिन थंड असताना, कॉईलची मधली वायर काढून अर्थला लावा, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक ठोक्याला भरगच्च पिचकारी आली पाहिजे. मध्ये बुडबुडे येत असतील तर मागून कुठून तरी हवा ओढतोय. आसपास बिडी सिगारेट, चालू दिवा काही नको आणि सांडलेलं पुसून वास गेल्याशिवाय वायर परत लावायची नाही. ऑईलची दांडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप वाढलेली असेल तर पंपाचा पडदा फाटलाय, मग गाडी चालवूच नका, आधी पंप, मग ऑईल.

आणि एक जागा आहे जी कार्बोरेटर दहा वेळा साफ करणारे सुद्धा विसरतात. नळी जिथे कार्बोरेटरमध्ये शिरते तिथल्या नटाच्या आत बऱ्याच कार्बोरेटरना वाटाण्याएवढी जाळी असते. टाकीतला गंज तिथे लालसर चिखल होऊन बसतो. दोन वेळा ओव्हरहॉल झालेल्या कार्बोरेटरमधून मी ही जाळी काढलीय, उजेडाकडे धरली तर चार भोकं दिसत होती फक्त. ती साफ असेल तर पुढे नीडल व्हॉल्व्ह (हंड्यात पेट्रोल सोडणारी सुई) आणि फ्लोटची उंची, मग मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. जेट तारेने टोचू नका, भोक मोठं होतं, हवा मारा.

प्रश्न: पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. खाली फरक जाणवतो, पण ५००० ला भिंतीवर आपटल्यासारखी थांबते. मॉड्यूल परत करू का?

उत्तर: करू नका लगेच. दर वेळी बरोबर त्याच आकड्याला थांबते का ते बघा. तसं असेल तर रोटर काढून बघा, काही जुन्या गाड्यांच्या रोटरमध्येच स्प्रिंग आणि वजन असतं, ठराविक आरपीएम झाला की ते बाहेर सरकतं आणि स्पार्क अर्थ करतं. इंजिनला जास्त फिरू न द्यायची ती कंपनीची सोय आहे. तसा रोटर कोणीतरी तुमच्या गाडीला टाकला असेल तर मॉड्यूलचा काय दोष.

दुसरं, मॉड्यूलला करंट कुठून दिलाय? बहुतेक मॉड्यूलना पूर्ण १२ व्होल्ट लागतात आणि लोक बॅलास्टच्या पलीकडून, कॉईलच्या प्लसवरून जोडतात. बॅलास्टच्या अलीकडून घ्या.

हे दोन्ही बरोबर असेल तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगकडे वळा. मऊ झाल्या की वरच्या स्पीडला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे वेळेत बंद होत नाहीत. व्हॅक्यूम गेज इनटेक मॅनिफोल्डला (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या पाईपला) लावा, आरपीएम वाढवत न्या, काटा वाढत्या स्पीडबरोबर जास्त जास्त थरथरत असेल तर स्प्रिंगच. गेज लावलंच आहे तर अजून एक बघून घ्या, २५०० ला पाय स्थिर धरून ठेवा, काटा एका जागी न राहता हळूहळू खालीच घसरत असेल तर सायलेन्सर आतून तुंबलाय. दुहेरी पत्र्याच्या पाईपात आतला पत्रा कोसळतो, बाहेरून पाईप नवा कोरा दिसतो.

प्रश्न: एकदम पाय दाबला की गाडी क्षणभर मरते, मग उचलते. हळू दाबली तर ५००० पर्यंत जाते. हे पण वरच्या आरपीएमचं मिसिंग का?

उत्तर: नाही. हा ॲक्सिलरेटर पंप, पाय दाबला की जास्तीचं पेट्रोल मारणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवा, कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघत हाताने लिंकेज उघडा. उघडल्या उघडल्या पेट्रोलची सरळ बारीक धार पडली पाहिजे, उशिरा पडली किंवा नुसते थेंब टपकले तर पंपाचा पडदा नाहीतर त्याची नळी. एसयू सारखा पिस्टनवाला कार्बोरेटर असेल तर त्यात असा पंप सहसा नसतोच, वरच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे का ते बघा, बहुतेक कोरडा निघेल.

प्रश्न: फक्त एकच सिलिंडर मिस मारतो हे कसं ओळखायचं, आणि प्लगचा रंग बघायचा असतो म्हणतात तो कधी? मी काढतो तेव्हा चारही सारखेच काळे दिसतात.

उत्तर: काळे दिसणारच, तुम्ही गाडी घरापर्यंत हळू आणता, दोन मिनिटं आयडलला ठेवता आणि मग प्लग काढता. तो आयडलचा रंग झाला, ४००० चा नाही. मोकळा सरळ रस्ता बघा, मागे पुढे कोणी नसताना मिसिंग सुरू होईल त्या स्पीडला चार पाच सेकंद धरा, मग क्लच दाबून त्याच क्षणी चावी एक घर मागे घ्या आणि तसंच वाहत जाऊन कडेला थांबा. चावी पूर्ण मागे न्यायची नाही, स्टीअरिंग लॉक होईल! आणि ब्रेकला बूस्टर असेल तर तो इंजिन बंद असताना एक दोन वेळाच मदत करतो, म्हणून ब्रेक एकदाच आणि नीट दाबा. हे जमणार नाही असं वाटलं तर करूच नका. प्लग थोडे निवू द्या आणि काढा. चारही पांढरे असतील तर पेट्रोल कमी पडतंय. चारही कोरडे काजळीने काळे असतील तर जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर आहे. तिघे बदामी आणि एकच ओला, तर त्या एकाची वायर, प्लग, कॅपमधलं त्याचं टोक बघा. हल्लीच्या पेट्रोलवर पूर्वीसारखा स्पष्ट बदामी रंग येत नाही, तेव्हा छटांचा फार कीस पाडू नका, चौघांत वेगळा कोण एवढंच बघा.

वायरी बघायला रात्र बरी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन रेस करा आणि हात लांब ठेवून नुसतं बघा, वायर खराब असेल तर निळ्या रेघा वायरीवरून हेडवर उडताना दिसतील. कॅप काढून आतून बघा, केसासारखी काळी रेघ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली तर ती भेग नाहीतर कार्बनची वाट आहे, पुसून जात नाही, कॅप बदलावी लागते. आणि ३ आणि ४ नंबरच्या वायरी एकत्र बांधलेल्या असतील तर सोडा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ असेल तर ३ नंतर लगेच ४ ची पाळी येते, त्या दोन वायरी लांबपर्यंत चिकटून गेल्या की एकीतला स्पार्क दुसरीत उतरतो. व्यवस्थित दिसावं म्हणून कोणीतरी सगळ्या वायरी एका पट्ट्याने आवळलेल्या असतात, तो पट्टा कापून टाका आणि आधी एक चक्कर मारून या.